किलकिल्या डोळ्यांनी निवडलेलं नाव

माझ्या पहिल्या मुलाचं नाव मी लबाडी करून निवडलं, आणि तेही अर्धंच वाचून.

आमच्या घरची रीत अशी की बाळंतिणीनं डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, पानावर बोट ठेवायचं आणि बोटाशी जे नाव सापडेल ते बाळाला द्यायचं. आमच्या चर्चच्या मंडळीत तेव्हा तीन बन्यामीन होते: मोठा बन्या, चष्मेवाला बन्या आणि जरीपटका वस्तीतला बन्या. एकाला हाक मारली की तिघंही वळायचे. माझा मुलगा चौथा होणार नव्हता. म्हणून मी डोळे किलकिले ठेवले. उत्पत्तीच्या पुस्तकात, एका पानाच्या तळाशी, कधी न ऐकलेलं 'बेनोनी' दिसलं आणि बोट तिथंच टेकवलं. सासूबाईंचा चष्मा सीताबर्डीला दुरुस्तीला गेलेला, पडताळणार कोण? "साऱ्या नागपुरात असं नाव नाही," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला खाटेवरूनच ऐकवत होते. बाळ पाच दिवसांचं, आणि माझी अक्कल त्याहून लहान.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौतुकानं तेच पान पुन्हा काढलं. या वेळी वरपासून वाचलं. गोष्ट अशी: प्रवासात, वाटेतच एक बाई अडलेली. वेदना फार. मुलगा झाला, पण तिचा जीव जाऊ लागला, आणि मरता मरता तिनं त्याचं नाव ठेवलं, बेनोनी. खाली बारीक अक्षरात अर्थ होता: माझ्या दुःखाचा पुत्र. पान तिथंच संपलं. मी पुस्तक मिटून उशीखाली सारलं.

संध्याकाळी मला हुडहुडी भरली. मे महिना, कूलरसमोरही माणसं भाजत होती, आणि मी गोधडी मागत होते. देवाला फसवलं, त्यानं तेच बोट धरलं. आता या नावाच्या मुलाच्या आईचं जे झालं ते माझं होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही.

सांगावं, तर लबाडी उघडी पडणार. गप्प राहावं, तर रविवारी चर्चचे पाळक घरी येऊन प्रार्थनेत ते नाव मोठ्यानं घेणार. तेवढ्यावर माझा जीव टांगलेला.

"काहून वं, गोधडी घेऊन बसली?" नवऱ्यानं विचारलं.

"उकडून राहिलं," मी म्हणाले. दात वाजत होते.

मी बाळाच्या टोपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या, माझ्यामागं कोणाला शोधायला नकोत. नवरा दुसरं लग्न कोणाशी करील याचा विचार केला. तीन जणी निघाल्या, त्यातली एक माझीच मावसबहीण. तिच्यावर मी मनातल्या मनात रुसलेसुद्धा. पण बाळ रडलं की अंगावर काटा यायचा. त्याला कुशीत घ्यायला हात पुढं होईनात. डावी बाजू दगडासारखी झालेली, त्या बाजूनं पाजणं तर मी सोडूनच दिलं होतं.

शनिवारी सकाळी सासूबाई आल्या. एका हातात डिंकाचा लाडू, नाकावर दुरुस्त चष्मा.

"पाळकांले नाव कळवाचं आहे. लिहून दे."

मी रडू लागले. सगळं सांगितलं, किलकिले डोळेसुद्धा. त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, मग छातीला. मी किंचाळले.

"दूध गोठलं वं तुहं. त्याचा ताप आहे. इतके दिवस बोलली काहून नाही?"

"मी मरणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी उशीखालून पुस्तक ओढलं, पानाच्या तळापर्यंत वाचलं, बोट ओलं केलं आणि पान उलटलं. तेच वचन पलीकडं चालू होतं: पण त्याच्या बापानं त्याचं नाव बन्यामीन ठेवलं. उजव्या हाताचा पुत्र.

म्हणजे चौथा बन्या माझ्याच खाटेवर टाहो फोडत होता.

सासूबाईंनी गरम पाण्यात फडकं पिळून डाव्या बाजूला ठेवलं, बाळाला माझ्या कुशीत दिलं. मग दाराकडं वळून नवरा ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मी बी एक डोळा उघडा ठेवला होता वं. नाही तर तुह्या नवऱ्याचं नाव नबुखद्नेस्सर राहिलं असतं."