कूलबरीहून कोण निघालंय?

मर्ल ट्रेगेलसला कूलबरी विकायचं होतं. गाव कसं विकायचं, असं कुणी विचारू नये. गावात विकण्याजोगं जे काही होतं ते सगळं तिचंच होतं. पेट्रोलपंप, त्याला चिकटलेला पब, मागे कॅरॅव्हॅन उभ्या करायची जागा, जमिनीतून कढतच वर येणाऱ्या पाण्याच्या न्हाण्या. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिनं संग्रहालय मांडलं होतं. त्यात उंटांच्या घंटा होत्या, जुनं तारयंत्र होतं आणि रेल्वे येण्याआधी उंटांवरून माल आणणाऱ्या अफगाण उंटवाल्याचा फोटो होता. त्यानं लावलेली खजुराची झाडं अजून दारात उभी होती. माणसं तेवढी निघून गेली.

सकाळी संडास धुवा, दुपारी खिमा भरलेले 'मीट पाय' भाजा, संध्याकाळी बिअर ओता, आणि दिवसभर ती लाल धूळ पुसत बसा. गुडघ्यानं कधीच राम म्हटला होता. ॲडलेडला लेकीनं, लोर्नानं, खोली सजवून ठेवली होती. "आई, तू येणार तरी कधी?" एवढंच ती विचारायची. मर्लला खरंच जायचं होतं. जीव मेटाकुटीला आला होता तिचा.

एक काम मात्र ती गाव घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत नसे. कूलबरीच्या पुढं कच्चा रस्ता वाळवंटातून थेट क्लॅरीच्या गुरांच्या वाडीवर निघतो. मध्ये चिटपाखरू नाही. इथून कुणी निघालं की मर्ल क्लॅरीला फोन करायची. "नवरा-बायको. पांढरी गाडी. बायको फुगलीय." दिवस कलेपर्यंत ते पोचले नाहीत तर क्लॅरीचा उलट फोन यायचा, आणि दोन्हीकडून दोघं शोधायला निघायचे. हे तिनंच सुरू केलं होतं. तिचा नवरा डेस त्या रस्त्यानं गेला, तेव्हा कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सापडला तो. आधीच्या एका गिऱ्हाइकानं या फोनाबद्दल ऐकलं आणि काढता पाय घेतला होता.

ब्रेट आणि टाशा हे जोडपं गाव बघायला आलं तो दिवस बरा चालला होता. टाशाला खजुराची झाडं आवडली, ब्रेटला पब. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, तुझा तो निळ्या गाडीतला मास्तर अजून उगवला नाही," क्लॅरी म्हणाला.

"वाटेतल्या मिठाच्या तळ्याचे फोटो काढत बसला असेल."

"असेल की. निघतेस ना?"

मर्लनं पाहुण्यांकडं बघितलं. आता गेलं की सगळं यांना कळणार. मनातल्या मनात तिनं मास्तरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाण्याचे कॅन उचलले.

मास्तर कोरड्या नदीच्या वाळूत रुतला होता. पाणी संपलेलं, ओठ फुटलेले. तिला बघून तो रडायलाच लागला.

"रडतोस कशाला? गाडी सोडून चालत सुटला नाहीस, एवढी अक्कल होती म्हणायची," ती म्हणाली आणि त्याला घोट घोट पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ब्रेट म्हणाला, "आम्ही घेतोय हे सगळं. पण ते फोनचं काही आम्हाला जमायचं नाही हं. बाहेर पाटी लावू. पुढं ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर जावं."

'नाही विकत, जा,' असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. टेबलाखाली गुडघा ठणकत होता.

"तुमची मर्जी," ती म्हणाली.

लोर्नाची खोली छान होती. खिडकीतून समुद्र दिसायचा, सकाळी संडास धुवायला नसायचे. पण दिवस कलला की मर्लला बसवेना. आठवडाभर तिनं कळ काढली आणि मग क्लॅरीला फोन लावला.

"आज कुणी आलं का रे?"

"नाही."

"मग कुणी निघालंच नसेल."



"ते मला कसं कळणार, मर्ल?" क्लॅरी म्हणाला. "मला आता कोण सांगतंय?"