कव्हराखालचं बक्कल

‘प्रवाशाचा जीव, हीच आमची जबाबदारी.’ आर्णी रोडवरच्या माझ्या कुशनच्या दुकानावर हे वाक्य निळ्या रंगात लिहिलेलं होतं. त्याच पाटीखाली उभा राहून मी एका सात महिन्यांच्या मुलीच्या आईशी खोटं बोललो.

गाडी खोब्रागडे सरांची. शाळेत ते माझे हेडमास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी लहानशी हॅचबॅक घेतली, तिची सीट कव्हरं मीच शिवली होती. त्या दिवशी गाडी चालवत आली त्यांची मुलगी वैशाली. ती परदेशात नर्स. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आली होती आणि येताना विमानातून मुलीसाठी गाडीत बसवायची सीट घेऊन आली होती. टोपलीसारखी, जाड प्लास्टिकची. दुसऱ्या दिवशी त्यांना उमरखेडला जायचं होतं, सरांच्या बहिणीकडे.

“जय भीम, सर.”

“जय भीम, सुधाकर. हे पाह्य, नातीचं सिंहासन. पण उलटं बसवा लागते म्हणते.”

उलटं म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे.

“काहून उलटं, ताई?”

वैशालीनं समजावून सांगितलं. एवढ्याशा मुलाचं डोकं जड असतं आणि मान कच्ची. जोरात ब्रेक लागला की डोकं पुढे फेकलं जातं, सगळा झटका मानेवर. उलटं बसवलं की तोच झटका पूर्ण पाठीवर वाटला जातो, आणि पाठीमागे सीटचं कवच असतं. पंचवीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवून मला हे माहीत नव्हतं.

ही सीट गाडीच्या मागच्या बेल्टनं बांधतात. बेल्ट ओढायचा, सीटच्या खाचांतून फिरवायचा, बक्कलमध्ये अडकवायचा. काम पाच मिनिटांचं.

“दादा, बक्कल कुठं आहे?” वैशालीनं विचारलं.

बक्कल कुठे आहे हे मला नेमकं माहीत होतं.

कापसाच्या संकटाची ती वर्षं. खेड्यांतून येणारं गिऱ्हाईक आटलं होतं, पण पाहणीची सरकारी पथकं भरपूर येत. पथक आलं की भाड्याच्या गाड्या लागत, गाड्यांना पडदे लागत आणि सीटवर पांढरे टॉवेल. संकटाची पाहणी टॉवेलाशिवाय होत नसे. ते काम माझ्याकडे होतं. एकदा एका साहेबांना मागच्या सीटचं बक्कल टोचलं. मी तिथली सगळी बक्कलं गादीखाली दाबली आणि फटीवर रेक्झिनची पट्टी शिवून टाकली. सीट सपाट, देखणी दिसली. साहेब खूश. मग मी प्रत्येकच गाडीला तसं करायला लागलो, कोणाला न विचारता. त्याला मी ‘व्हीआयपी फिनिशिंग’ म्हणायचो.

सरांच्या गाडीलाही तेच केलेलं. बक्कल काढायचं तर पट्टी उसवावी लागणार होती. त्याआधी तोंडानं सांगावं लागणार होतं, आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली.

“ताई, मागचे पट्टे फक्त पासिंगपुरते असतात,” मी म्हणालो. “आरटीओच्या समाधानासाठी. बक्कल नसतेच त्यायले.”

गिऱ्हाइकं हसली. सरकारी देखाव्यावर मी नेहमीच असं काहीतरी बोलायचो आणि लोकांना ते पटायचं. त्या दिवशी त्याच सवयीच्या आड लपलो.

“असं कसं असन? पट्टा देते अन् बक्कल देत नाई?”

“वैशू,” सर मध्येच म्हणाले, “तो माझा विद्यार्थी हाय. पंचवीस वर्षं हेच काम करून राह्यला. चार वर्षं तिकडं राह्यली तं तुले इथला माणूस येडा वाटते काय?”

खोटं बोललो त्याची लाज वाटतेच, पण माझ्या शब्दावर बाप मुलीला चार माणसांत रागावत असताना मी उभा राहून ऐकत होतो, त्याची जास्त वाटते.

मग मी नायलॉनची दोरी आणली आणि ती सीट पुढच्या सीटला बांधली. गाठी पक्क्या होत्या.

वैशालीनं एका हातानं ओढून पाहिलं. सीट वीतभर सरकली.

“दादा, एका इंचाच्या वर हलली तं काही अर्थ नाई. उद्या समोरच्या कापसाच्या ट्रकनं ब्रेक मारला तं?”

“दुसरी दोरी लावतो ना.”

दुसरी लावली. ती सीट दाबून पाहायला मागे चढली, गादीवर गुडघा टेकला आणि थांबली. “हे काय टोचून राह्यलं?” तिनं रेक्झिनवरून बोटं फिरवली, नर्स शीर शोधते तशी. सापडलं.

“ब्लेड द्या.”

मी तिला ब्लेड दिलं नाही. माझी शिलाई मीच उसवली. एकामागून एक बक्कलं वर आली. एकावर तर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. आता गिऱ्हाइकं हसत नव्हती.

सरांनी वाकून एक बक्कल हातात धरलं. मग म्हणाले, “वैशू, तुझंच बरोबर होतं. मी उगाच बोललो तुले.” आणि माझ्याकडे वळले. “सुधाकर, असं किती गाड्यायले केलं?”

मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. “सगळ्याच, सर.”

“मंग सगळ्याच उसव.”

आवाज चढला नव्हता. शाळेत गणित चुकलं की ते असेच वही परत द्यायचे.

पुढचं काम वैशालीनं सांगितलं तसं केलं. बेल्ट जेमतेम पुरला. सीटचा कोन बसेना, बाळाची मान पुढे पडली असती. म्हणून बुडाखाली गुंडाळी करून पांढरा टॉवेल घातला. माझ्या दुकानातल्या टॉवेलाचा खरा उपयोग झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. गाडी लहान, त्यामुळे पुढची सीट एवढी सरकवावी लागली की सरांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. सर म्हणजे कुठल्याही गाडीत पुढेच बसणारा माणूस. ते मुकाट्यानं मागे नातीशेजारी जाऊन बसले आणि स्वतःचा बेल्ट लावायला लागले. बक्कलचं प्लास्टिक त्यांनी नखानं काढलं. उमरखेडहून सगळे नीट परतले.

मी जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले : बक्कल फुकट काढून देतो. नेरचा एक जण आला. दोनच दिवसांनी परत येऊन म्हणाला, “भाऊ, पयल्यासारखं करून द्या, बुवा. टोचते.” त्याला मी नाही म्हणालो. बाकीचे आलेच नाहीत, आणि मी त्यांच्या दारी गेलो नाही.

जे टोचतं ते फालतूच असतं असं नाही, एवढं मी या धंद्यात शिकलो, तेही गिऱ्हाइकाकडून. पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती, ती मी त्याच आठवड्यात नव्यानं रंगवून घेतली. माझ्या स्वतःच्या गाडीची शिलाई उसवायला मात्र आठ महिने लागले.