जपून आणलेले दागिने

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे लग्नपत्रिकांवर नावं टाकणं. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच, आणि तीही इंजिनिअरिंगच्या कॉलेजची. तेव्हा आठवणी वगैरे लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. पण ऋतावहिनी म्हणाली, "तुषार, तूच लिही. दुसऱ्या कुणी लिहिलं तर तुझी जास्त बदनामी होईल." म्हणून लिहितो.

घडलं ते एवढंच, की एका दीड वर्षाच्या मुलाच्या अंगावर घालायचे सगळे दागिने मी सायकलवरून आणले आणि ते वाटेत विरघळले.

(सोन्याचे नव्हते. सोन्याचे असते तर निभावलं असतं.)

मी अमेरिकेतल्या बॉथेलला शिकतो आणि काका-काकूंच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो. काका मूळचे आमच्या जामखेडचे, एवढ्या एकाच नात्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. त्यांचा मुलगा मिहिरदादा, सून ऋतावहिनी आणि नातू नील, सगळे एकाच घरात. गाडी मला चालवता येत नाही, म्हणून मी सायकलवर. आणि बॉथेलच्या हिवाळ्यात सायकल चालवणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं.

इथला पाऊस पडत नाही, तो मुक्कामाला येतो. दिवाळीच्या सुमारास बॅग टाकतो आणि होळीपर्यंत हलायचं नाव घेत नाही. त्याच्या जोडीला वारा. कॉलेजला जाताना वारा समोरून येतो. परत येतानाही समोरूनच येतो! हे कोणत्या नियमात बसतं ते मी भीत भीत एका सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "वेलकम." हेल्मेटला हवा खेळावी म्हणून भोकं असतात; जानेवारीत त्यांतून पाणी खेळतं. चष्म्याला वायपर नाही. सायकलला मडगार्ड नाही, त्यामुळे माझ्या पाठीवर कायम चिखलाचा एक उभा पट्टा असतो. वर्गातली मुलं मला चेहऱ्यापेक्षा त्या पट्ट्यावरूनच जास्त ओळखतात.

तर, संक्रांतीनंतरच्या शनिवारी नीलचं बोरन्हाण ठरलं. काळं झबलं, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांचा वर्षाव आणि अंगावर हलव्याचे दागिने. हे दागिने ऋतावहिनीच्या आईने, म्हणजे मावशींनी, कोल्हापुरात बसून स्वतः केले होते. त्यांनी नातवाला अजून प्रत्यक्ष पाहिलेलंच नव्हतं. मुलाखत होऊनसुद्धा त्यांच्या व्हिसाचं काम अडकलेलं, पासपोर्ट वकिलातीतच पडून. स्वतः येता येईना, म्हणून त्यांनी हलव्याचा एकेक दाणा दोऱ्यात गुंफला. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, एवढीशी बासरी! इकडे संध्याकाळ असताना तिकडे पहाट, तर पहाटे उठून, नवी साडी नेसून त्या व्हिडिओवर हा सोहळा बघणार होत्या. आपण केलेलं काहीतरी नातवाच्या अंगाला लागलेलं बघायचं, एवढंच त्यांचं मागणं.

दागिने घेऊन कोल्हापूरच्या एक आजी त्यांच्या मुलाकडे आल्या होत्या, नदीपलीकडच्या अपार्टमेंटमध्ये. त्या दिवशी मिहिरदादा एक गाडी घेऊन बोरं शोधायला गेलेला, काका दुसरी घेऊन फुगे आणायला.

"मी जातो ना काकू," मी म्हणालो. या घरासाठी काहीतरी करून दाखवायची मला केव्हाची हौस होती.

"सायकलवर? बाहेर बघितलंस का?"

"रोज बघतो."

"बरं. पण जपून आण हं, तुषार. फार नाजूक असतात. मोडतील."

मोडतील! तो शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. (भिजतील, असं काकू म्हणाल्या नाहीत. ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नाही. माणसाच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास आहे.)

आजींनी पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं. "विमानात मांडीवर धरून आणलंय हो, बाळा. एक दाणा हललेला नाही."

"आजी, तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. "माझ्याकडूनही हलणार नाही."

आणि मी कामाला लागलो. आधी खिशातला फोन झिपच्या पिशवीत घातला. मग सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, म्हणजे बूड कोरडं राहील. रेनकोट गळ्यापर्यंत लावला. इतकी सगळी अक्कल खर्च करून झाल्यावर मी ते खोकं धक्के बसू नयेत म्हणून एका जाड टॉवेलात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं आणि मागच्या कॅरिअरवर बांधलं. उघड्यावर! टॉवेल म्हणजे पाणी शोषून घेण्यासाठी माणसाने शोधलेली वस्तू आहे, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. मला तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर वाटला.

रस्त्याला खड्डे आहेत, म्हणून मी नदीकाठचा सायकलट्रॅक धरला. लांबचा, पण गुळगुळीत. आणि मोडू नयेत म्हणून सायकल इतकी हळू चालवली, की पळणारे तर सोडाच, काठी टेकत चाललेले एक आजोबासुद्धा "ऑन युअर लेफ्ट" म्हणून माझ्या पुढे निघून गेले. पाऊस वाढला, मी वेग आणखी कमी केला. वाऱ्याचा मोठा झोत आला की मी उतरायचो, पिशवी न हलता तशीच आहे ना ते बघायचो आणि वारा ओसरेपर्यंत तिथेच पावसात उभा राहायचो. इतका जबाबदार मी आयुष्यात कधी वागलो नव्हतो!

मध्येच वाऱ्याने माझा रेनकोट मागून उचलला आणि थेट डोक्यावरून पुढे आणला. काही क्षण मी रेनकोटाच्या आतून सायकल चालवत होतो. शेजारच्या काटेरी झुडपांत शिरलो, पण शिरतानासुद्धा एक हात मागे नेऊन खोकं धरलं. गाल खरचटला, खोकं वाचलं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

झुडपांतून बाहेर पडलो तर समोर एक गलेलठ्ठ कुत्रा. त्याने मला हुंगलं, नाक मुरडलं, मग मागे जाऊन माझं चाक चाटायला लागला. चाक! मी पुढे निघालो, तर तो चाटत चाटत मागे. त्याची मालकीण दोरीला धरून धावत होती.

"ओ माय गॉश, ही लव्ह्ज यू!" ती म्हणाली.

मी संकोचून म्हणालो, "थँक यू, मॅम." या देशात मला इतक्या पटकन कुणी आपलं म्हटलं नव्हतं.

"इज दॅट... सिरप?" तिने बोट दाखवलं.

मी वळून बघितलं. कापडी पिशवीच्या कोपऱ्यातून पांढुरक्या पाण्याची धार लागली होती. कॅरिअरवरून चाकावर, चाकावरून ट्रॅकवर. थेट पार मागच्या वळणापर्यंत मी साखरेची रेघ ओढत आलो होतो!

त्यापुढचा रस्ता मी रॉकेटसारखा आलो. त्या वेगाने आधीच आलो असतो तर दागिने मोडले असते, पण कोरडे मोडले असते.

काकूंनी दार उघडलं. "आलास? आण इकडे. अरे, तुझ्या गालाला काय झालं?"

"काकू, मोडलं काहीच नाही," मी म्हणालो.

ते खरंच होतं. टॉवेल सोडला, तर आत पुठ्ठ्याचा लगदा, काळे दोरे आणि त्यांवर कुठे कुठे चिकटून बसलेले, बाळाच्या दुधाच्या दातांएवढे उरलेले काही दाणे. बासरीचा तर नुसता पाक झाला होता.

ऋतावहिनीने टॉवेलातला एक दोरा उचलून बघितला. "आईने रात्री जागून केले होते रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपण पुन्हा त्या झुडपांत जाऊन बसावं.

तेवढ्यात नील दुडदुडत आला. त्याच्या मुठीत सकाळच्या नाश्त्याचं ते गोल गोल, मधे भोक असलेलं सीरिअल होतं. त्याने त्यातलं एक प्रेमाने माझ्या ओल्या बुटात टाकलं.

काकूंनी ते उचललं आणि उजेडात धरलं. "ऋता," त्या म्हणाल्या, "याला भोक आहे गं."

"मग?"

"मग काय? सुई आण!"

आणि मग त्या घरात जे सुरू झालं, ते मी इंजिनिअरिंगच्या कुठल्याही प्रोजेक्टला पाहिलं नाही. मावशींचेच दोरे धुतले, त्यांत सीरिअल ओवलं. मी सीरिअलच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून मुकुट कापला. काका फुगे घेऊन आले, तर काकूंनी त्यांच्या हातात दोरा दिला.

"हे काय चाललंय?"

"बाजूबंद. बोलू नका, ओवा."

"पण हे तर नीलचं सीरि..."

"ओवा म्हटलं ना!"

उरलेले खरे हलव्याचे दाणे ऋतावहिनीने मुकुटाच्या मधोमध चिकटवले. नीलला नटवलं. काळं झबलं, त्यावर गव्हाळ रंगाचे दागिने. खरं सांगतो, बाळकृष्ण दिसत होता, फक्त जरा पौष्टिक.

व्हिडिओ लागला. पडद्यावर मावशी, पहाटेचा दिवा, नवी साडी.

"अगंबाई, माझं सोनं!" त्या पडद्याजवळ सरकल्या. "ऋता, जवळ आण ना जरा फोन."

"आई, नेट स्लो आहे गं," म्हणत वहिनी दोन पावलं मागे सरकली.

"लांब धर, अजून लांब," काकू दातांतल्या दातांत.

बोरं-चुरमुरे पडले. नील खदखदून हसला आणि त्याने उजव्या हाताचा बाजूबंद खाल्ला.

"खातोय बघा! माझा हलवा खातोय!" मावशी टाळ्या वाजवायला लागल्या.

मग हार. मग कंबरपट्टा. कुर्रकुर्र आवाज थेट कोल्हापुरात ऐकू जात असावा! मला राहवेना. मी पुढे झालो. "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचं..."

काकूंनी माझ्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला. अख्खा. "तीळगूळ घे आणि गोड बोल," त्या हसत, माझ्या दंडाला चिमटा काढत म्हणाल्या, "नाहीतर बोलूच नकोस."

कार्यक्रम पार पडला. पण पुढे मावशींकडून काहीच आलं नाही. फोटो पाठवले, त्यावर एक शब्द नाही. साधा अंगठासुद्धा नाही! वहिनी फोन हातात घेऊन बसायची. मी वरच्या खोलीत बसून, कोल्हापूरला माफीचं पत्र लिहायचं तर सुरुवात 'सप्रेम' करावी की 'साष्टांग', याचा विचार करायचो. काकू म्हणायच्या, "कळलंय त्यांना. आणि वाईट वाटलंय."

काल शेवटी बातमी आली. मी कॉलेजहून निथळत घरात शिरलो, तर वहिनी स्वयंपाकघरात नीलला घेऊन गोल गोल नाचत होती. पासपोर्ट शिक्का मारून परत आला! मावशी येताहेत, रथसप्तमीच्या आत. तोवर बोरन्हाण करता येतं, तेव्हा ते पुन्हा होणार. त्या इतके दिवस गप्प होत्या, कारण एकीकडे तिकिटाची धावपळ आणि दुसरीकडे नवे दागिने करणं.

"आणि ते... आधीचे दागिने?" मी हळूच विचारलं.

वहिनीने मावशींचा मेसेज लावला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

"ऋता, साखर कुठं गव्हाळ असते होय गं? पहिल्या घासालाच ओळखलं मी! पण पोरगं इतकं हसत होतं, म्हणून गप्प बसले. खोकं सायकलवरून गेल्याचं ते आणणाऱ्या बाईंकडून नंतर कळलं. ह्या वेळी दागिने माझ्या मांडीवर. आणि हे बघ, विमानतळावर मला घ्यायला कुणीही येऊ दे, फक्त त्या सायकलवाल्या मुलाला पाठवू नका. मी गुळाच्या गावची आहे. घरी पोचेपर्यंत माझीही काकवी व्हायची!"