डबक्याचा तळ

ओहोटी लागली की आमच्या गावच्या बायका खडकांवर कालवं काढायला बसतात. काल त्यांत सुलभा दिसली, माझी जुनी विद्यार्थिनी. शेजारी तिची लेक खडकातल्या डबक्यात तोंड बुडवून, उघड्या डोळ्यांनी तळ बघत होती.

पाचवीला एका थोर समुद्रसंशोधकाच्या बालपणाचा धडा होता. तोही लहानपणी तासन्‌तास असाच पाण्यात तोंड घालून राही. मी वर्षानुवर्षं तो धडा शिकवला. एकदा सुलभानं विचारलं होतं, "बाई, त्याला घरून कोणी हाक नाही मारायचं?" वर्ग हसला. "धड्यात नाही ते विचारू नकोस," म्हणून मी तिला खाली बसवलं.

आमच्याकडे मासेमारीच्या होडीत बाईनं चढायचं नाही. तिचा समुद्र ओहोटीपुरता, घोट्याएवढा. हे ठाऊक असूनही मी दरवर्षी मुलींकडून 'मी कोण होणार' हा निबंध लिहून घेतला, आणि चांगल्या अक्षराला शाबासकी दिली. त्या संशोधकाला हाक मारणारं कोणी नव्हतं, एवढंच त्याचं भाग्य असावं.

"गो चेडवा, ऊठ! भरती इली, टोपली कोण उचलतला?" सुलभा ओरडली.

पोरीनं मान वर केली. पापण्यांवरून पाणी निथळत होतं. "बाई, आयेक सांगा ना, वायच थांब म्हणून."

सुलभा माझ्याकडे बघत थांबली. खरंच थांबली.

"आई हाक मारतेय ना? जा," मी म्हणाले.