आर्किटेक्ट होण्याआधीचे मामा

देवनहळ्ळीच्या आमच्या नव्या घराचा नकाशा बायकोच्या मामांनी काढला, म्हणून फाटकाशी मी ग्रॅनाइटच्या पाटीवर त्यांचं नाव कोरून घेतलं आणि त्याच्या वरच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘आर्किटेक्ट’ असं घातलं. मामा आर्किटेक्ट नव्हते.

मामांइतका घाबरट माणूस अख्ख्या बेंगळुरूत नाही. जे. पी. नगरातल्या स्वतःच्या घराचा जिना ते दोन्ही हातांनी कठडा धरून उतरतात, आणि तो जिना त्यांनीच काढलेला आहे. एकदा आम्ही त्यांना इंदिरानगरच्या झकपक हॉटेलात नेलं, तर आत शिरण्याआधी त्यांनी खिशातून टेप काढून पायरी मोजली. “अय्यो, स्वल्प उंच आहे ही. परतताना पोटं भरलेली असणार, कोणीतरी पडणार!” मग जेवणभर ते जिन्याकडे तोंड करून बसले. कोणी पडलं नाही. मामांचं जेवण तेवढं राहिलं.

घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच. शाळा संपल्यावर मामा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे गिरवायला चिकटले आणि तिथेच मुरले. कॉलेज राहून गेलं. अशा कामात शिकलेल्यांसाठी एक वेगळी वाट असते: नोकरी करत पेपर द्यायचे, ड्रॉइंगं दाखवायची, शेवटी तोंडी परीक्षा, मग नोंदणी. नोंदणी होईपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही, कायदाच आहे तसा. मामा या वाटेवर इतकी वर्षं होते, की त्यांच्याबरोबर निघालेली मंडळी निवृत्त होऊन नातवंडं सांभाळू लागली. लग्नकार्यात कोणी “काय करता?” विचारलं, की मामा इकडेतिकडे बघून हळूच म्हणत, “रेघा मारतो.” मामींनाही घरात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द उच्चारायची बंदी होती.

आणि आमच्या वास्तुशांतीनंतरच्याच आठवड्यात त्यांची तोंडी परीक्षा होती. हे मला माहीत नव्हतं असं सांगून सुटलो असतो, पण परीक्षेला जायचं विमानाचं तिकीट मीच काढून दिलं होतं.

वास्तुशांतीच्या दिवशी पाटी बघताच मामांनी फाटकाचा खांब धरला. “जावईबापू, हे काय?”

“सरप्राइज, मामा!”

“बाद करतील हो मला! आयुष्य गेलं माझं त्या परीक्षेत!”

मी धावत जाऊन अक्षरांत पांढरी पुट्टी भरली. त्यामुळे जी अक्षरं जवळ जाऊन वाचावी लागत होती, ती आता रस्त्यावरच्या बसमधूनही दिसू लागली. शेवटी मामा स्वतःच पाटीला पाठ लावून उभे राहिले. पाहुण्यांना वाटलं, वा, काय अगत्य! गुरुजींनी होमाला बोलावलं, मामा हलले नाहीत. जेवणही उभ्यानेच झालं. मग त्यांचे साहेब आले. मामा खरोखर काम करून शिकले, हे परीक्षकांना सांगणारे तेच. त्यांना नमस्कार करायलाही मामा वाकले नाहीत. वाकले असते तर वरची ओळ दिसली असती.

साहेब कन्नडमध्ये म्हणाले, “अण्णा, किती वेळ उभा राहशील? सकाळीच वाचलं मी. तुझ्या जावयाने स्टेटसला टाकलंय.”

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन करायची माझी छाती नाही. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मी कोणाला सांगत नाही. तू परीक्षा दे.”

मामा पास झाले. यथावकाश नोंदणीही झाली. वाटलं, आता तरी भीती जाईल. शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या खोलीचा नकाशा त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर काढला, तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. काम संपलं, मामांनी पेनाला टोपण लावलं आणि ते दाराकडे बघत राहिले. खालच्या कोपऱ्यातली सहीची जागा त्यांनी सवयीने रिकामी सोडली होती. इतकी वर्षं ती साहेबांची होती. साहेब आता ऑफिस बंद करून लेकीकडे राहायला गेले होते.

“कोणाची वाट बघताय?” मामी म्हणाल्या. “करा की.”

मामांनी टोपण काढलं. पेन कागदाला टेकेना. “चुकलं तर आता माझ्यावरच येणार गं,” ते पुटपुटले. काहीतरी करावं म्हणून मी फोन काढला. “मामा, स्वल्प थांबा, एक फोटो...”

“जावईबापू,” मामी म्हणाल्या, “तुम्ही बाहेर जाऊन बसा बघू. तुम्ही समोर असलात की यांचा हात जास्त कापतो.”