शेळीचा पाय आणि लेखी खुलासा

मी शाकाहारी घरातली. लातूरला आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून अंडं आणलं, तरी ते गच्चीवर वेगळ्या भांड्यात उकडायचं. किनवटच्या मटणाच्या दुकानासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा दुकानदारानं मला वाट चुकलेली बाई समजून बसस्टँड कुठे आहे ते सांगितलं.

"मागचा पाय द्या," मी म्हणाले. "मांडीसकट. कातडी काढू नका."

"कातडी ठेवून काय करून राहिल्या, म्याडम?"

"नववीला शिकवायचंय."

त्यानं पाय कागदात गुंडाळून दिला.

तिथल्या एका निवासी शाळेत मी तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवत होते, म्हणजे मुख्याध्यापकांची मर्जी असेल तोवर. धडा ऊतींचा होता. एकसारख्या पेशी एका कामाला जमल्या की ऊती होते, आणि शरीरात त्या चार प्रकारच्या: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. लातूरच्या क्लासमध्ये असताना यावरचे प्रश्न मी पूर्ण वाचायच्या आत सोडवायची. उत्तरांचे गोल काळे करून बोटं दुखायची, पण खरी ऊती एकही पाहिली नव्हती. डॉक्टर होता आलं नाही, ते दुःख केव्हाच सरलं. या पोपटपंचीचा राग मात्र अजून आहे.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी पाय ठेवला. कातडीचा वरचा थर म्हणजे अभिस्तर. लाल मांस म्हणजे स्नायू. हाड आणि चरबी संयोजी. सगळं ठीक चाललं होतं. मग मी टाचेच्या वरची चकचकीत पांढरी दोरी चिमटीत धरली आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "ही चेता ऊती."

वर्षभर वर्गात एक शब्द न बोललेली एक मुलगी शेवटच्या बाकावरून उठली.

"म्याडम, ती नस न्हाई. ओढून बघा, तुटायची न्हाई. मांस हाडाला बांधून ठेवते ती."

ती पुढे आली. मांडीच्या दोन स्नायूंच्या मध्ये अंगठा घातला आणि आतून एक मऊ, पांढरा धागा अलगद वर काढला. "नस ही हाय. हिला सुई लागली की पाय लुळा पडतो. आमच्या शेळीचा पडला होता."

फळ्यावर लिहिलेलं मी खोडलं आणि उरलेला तास तिच्या हाती दिला. ती शिकवत होती, मी वहीत लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "वर्गात मांस? तुमच्यासारख्या घरच्या बाईनं?"

"सर, पुस्तकात ऊती आहेत. त्या भेंडीत कशा दाखवू?"

"वाद नको. लेखी खुलासा द्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

शिक्षक खोलीत सगळ्यांचं एकच मत, दोन ओळी खरडा आणि मोकळ्या व्हा. वडील फोनवर म्हणाले, "लिहून टाक बाई, नोकरीचा प्रश्न आहे." मला संताप आला होता. पाय वर्गात आणणं ही चूक म्हटली, तर त्या मुलीचा अंगठाही चुकीचा ठरणार होता. घरी शिकलेली एवढी पक्की गोष्ट तिनं वर्षात पहिल्यांदा वर्गात मांडली होती, आणि मी सही करून तिला घाण ठरवणार होते. ते माझ्यानं होणं शक्य नव्हतं.

खुलासा दिल्यावर मला काढलं, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणी गोड शेवटाची वाट बघायला नको. आता मी नांदेडला दुसऱ्या शाळेत आहे आणि दरवर्षी पाय आणते. त्या खुलाशाची प्रत मात्र जपून ठेवली आहे. तो असा:

"नववीच्या तासाला माझ्याकडून चूक झाली. मी स्नायुरज्जूला चेता ऊती म्हटले. तो संयोजी ऊतीचा भाग आहे. वर्गातील एका विद्यार्थिनीने ही चूक प्रत्यक्ष दाखवून दुरुस्त केली. ही चूक पुन्हा होणार नाही. दुसरी कोणतीही चूक झालेली नाही."