तोंडओळख

सुरतेत आमच्या बँकेसमोर एक सराफ बसतो. त्याचे पणजोबा हुंड्या वटवत, तो रोज सकाळी मला विचारतो, "साहेब, तुमचा सर्व्हर उठला के?" आमची नुसती तोंडओळख.

गेल्या महिन्यात एक खानदेशी पॉवरलूम कामगार बायकोच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आला. मागात बोटं चिरडल्यामुळे त्याची सही जुळेना. मी त्याला नियमाप्रमाणे परत पाठवलं. सराफानं त्याला हाक मारून स्वतःचे पैसे दिले.

"सहीशिवाय?" मी नंतर विचारलं.

"रोज दिसतो, साहेब. तोंडओळख पुरे."

आता आमच्या बँकेत चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. हुंडीपासून इथवर बँकिंगनं केवढी मजल मारली. सराफ समोर दिसला की मी मात्र तोंड चुकवतो.